शहजादीशेजारचं वर्तुळ

निजामोद्दीन मास्टरांनी गळ्यातली टेप काढलीच नाही. इतवाऱ्यातल्या त्यांच्या दुकानात सबिहा माप द्यायला उभी होती, हात अंगापासून जरा लांब धरून, आणि मास्टर चष्म्यावरून तिच्याकडे एकदाच बघून म्हणाले, "राहू दे बेटा. तुझं माप हाय माझ्याकडं. अम्मीचंच. खांदा घे, छाती घे, बाही घे, एका सुताचा फरक न्हाई." मग कापडाची घडी उलगडून त्यावरून हात फिरवत त्यांनी वर जोडलं, "उंची तेवढी धरतो जरा जास्त. शेवटी शेवटी ती वाकली होती." ते हे कौतुकानं बोलत होते. सबिहानंही कौतुक ऐकावं तसं ऐकून घेतलं, दुपट्टा सारखा केला, कधी मिळेल विचारलं आणि बाहेर आली. बाहेर ऑक्टोबरचं ऊन होतं, समोसे तळल्याचा वास होता, कुणीतरी रिक्षावाल्याशी भांडत होतं. ती चालायला लागली आणि तिच्या लक्षात आलं, की आपले हात अजून अंगापासून लांबच आहेत.

तिला हे माहीत नव्हतं असं नाही. महिना होऊन गेला होता. कागदावर छापलेलं तिनं वाचलं होतं, एकदा घाईत आणि एकदा शांतपणे, ग्रंथालयात एखादं फाटकं पुस्तक दुरुस्तीला पाठवण्याआधी चाळावं तसं. विष्णुपुरीला कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करण्यात तिची कितीतरी वर्षं गेली होती, आणि छापलेल्या गोष्टींना एक अंतर असतं यावर तिचा विश्वास होता. अम्मीच्या जनुकात एक बिघाड होता. तो तिच्या अंडाशयात कॅन्सर होऊन उगवला. तोच बिघाड सबिहात आहे. ही तीन वाक्यं तिनं महिनाभर एकाखाली एक ठेवली होती, आणि ती तशीच राहिली होती, थंड आणि सुटीसुटी. आता एका म्हाताऱ्या शिंप्यानं टेपसुद्धा न काढता ती शिवून टाकली. आपण अम्मीच्या मापाचे आहोत. घरी येऊन तिनं चहा ठेवला आणि कितीतरी वेळानं पाहिलं, की कप दोन काढले आहेत. याची तिला आता सवय झाली होती. दुसरा कप तिनं न धुता परत फडताळात ठेवला.

अम्मी म्हणजे शहजादी, उन्हाळा लागायच्या आधी गेली. उपचार लातूरला झाले, कारण लातूरला खाला होती, अम्मीची धाकटी बहीण. गंजगोलाईच्या मागच्या गल्लीतल्या खालाच्या घरात अम्मीची खाट माजघरात खिडकीजवळ टाकली होती. केमोच्या दुसऱ्या दिवशी अम्मीला उलट्या व्हायच्या तेव्हा तसराळं धरायला सबिहाचा हात पुढे होई, पण खालाचा त्याआधी पोचलेला असे. खाला बुटकी, गोरी, अंगानं भरलेली. अम्मी उंच, सावळी, हाडांची. लहानपणी दोघी एकाच वर्गात होत्या. खाला धाकटी, पण शाळेत एकटी रडेल म्हणून मास्तरांनी वरच्या वर्गात बसवली, असं नानी सांगायची. दोघी भांडायच्याही एकाच वर्गातल्या मुलींसारख्या. "तू माझी पेन्सिल घेतलीस ती अजून दिली न्हाईस," असं खाला त्या खाटेशी बसून म्हणायची, आणि अम्मी केस गेलेलं डोकं उशीवर वळवून म्हणायची, "कयामतीच्या दिवशी देते. तिथं वेळच वेळ हाय."

त्याच दिवसांत हॉस्पिटलमध्ये तनुजानं ते चित्र काढलं होतं. तनुजा तरुण होती, समुपदेशक, केसांचा घट्ट अंबाडा, बोलताना पेनचं टोपण काढून पुन्हा लावायची सवय. एका संशोधनातून असा कॅन्सर झालेल्या बायकांची तपासणी फुकट होत होती. एका घरात बिघाड सापडला की त्या घरातल्या बाकीच्या बायकांना आजार होण्याआधी गाठता येतं, असं ती समजावून सांगत होती. तिनं कोऱ्या कागदावर एक वर्तुळ काढलं आणि त्यात नाव लिहिलं, शहजादी. बाई म्हणजे वर्तुळ, पुरुष म्हणजे चौकोन. ज्याला आजार ते काळं भरायचं. खाली एक रेघ ओढून सबिहाचं वर्तुळ काढलं. "आणि तुम्हाला भावंडं?" तिनं अम्मीला विचारलं. अम्मी खुर्चीत डोळे मिटून बसली होती. तिनं डोळे उघडले, पाण्याची बाटली धरून उभ्या असलेल्या खालाकडे पाहिलं आणि म्हणाली, "ही एक बहीण." तनुजानं अम्मीच्या वर्तुळाशेजारी दुसरं वर्तुळ काढलं, दोन्हींना वरून एका रेघेनं जोडलं, आणि त्याच्या खाली खालाच्या मुलीचं, मुबश्शिराचं, बारकं वर्तुळ टांगलं. "भाऊ?" "न्हाई." "तुमच्या आईंना काही आजार होता?" "म्हातारी होऊन गेली. झोपेत." सबिहाला वाटलं, अम्मी दमली आहे, म्हणून इतकं थांबून थांबून बोलते.

रिपोर्ट आला तेव्हा अम्मी नव्हती. मग सबिहानं रक्त दिलं, आणि तिचा आला. तनुजानं तो समोर बसवून सांगितला. आईबापातल्या एकाकडे असला तर मुलात येण्या-न येण्याची शक्यता अर्धी अर्धी. मुलगा असो वा मुलगी. दर वर्षी छातीची तपासणी. चाळिशीच्या आत अंडाशयं काढून टाकलेली बरी. "तुमच्या आईंना हे आधी कळलं असतं, तर," असं म्हणून ती थांबली होती. ते वाक्य नंतर सबिहानं किती तऱ्हांनी पूर्ण केलं असेल, भाजी निवडताना, पुस्तकांवर शिक्के मारताना, बसच्या रांगेत. मग तनुजा म्हणाली, "तुमच्या मावशींना आणि त्यांच्या मुलीला सांगावं लागेल. आम्हाला परस्पर फोन करता येत नाही. ते घरच्यांनीच सांगायचं असतं." सबिहा हो म्हणाली. आणि तिनं सांगितलं नाही. कारण मुबश्शिराचा निकाह ठरला होता, उदगीरच्या यासेरशी. मुलाकडच्यांनी बघायला आल्यावर सरबत पिता पिता विचारलं होतं, "घरात शुगर-बिगर, काही?" आणि खाला म्हणाली होती, "अल्लाहचा फजल हाय." आता त्या वाक्यात हा कागद कुठे घालायचा? निकाहनंतर सांगितलं तर फसवणूक, आधी सांगितलं तर मोडतोड. आणि न सांगितलं तर एक दिवस मुबश्शिराची खाट त्याच खिडकीजवळ.

मास्टरांच्या दुकानातून आली त्या रात्री ती झोपलीच नाही म्हणावं, तर तसं नाही. झोपली, गाढ झोपली, दमलेली माणसं झोपतात तशी. सकाळी उठली तेव्हा ठरलेलं होतं. रविवारी लातूरची बस धरली. लोहा गेलं, अहमदपूर गेलं. रस्त्याच्या कडेला सोयाबीनची खळी चालू होती, भुसा उडून खिडकीतून आत येत होता. मनातल्या मनात ती वाक्यं जुळवत होती. खाला, घाबरू नकोस. खाला, हा आजार नाही, आजाराची शक्यता आहे. खाला, विज्ञान पुढं गेलंय. प्रत्येक वाक्य पुस्तकातलं वाटत होतं. आयुष्यभर वाचून आपल्याला एवढंच आलं, तिला वाटलं, की कुठलं वाक्य खोटं आहे ते ओळखू येतं. खरं कुठून आणायचं ते काही येत नाही.

दार मुबश्शिरानं उघडलं. हातात हळदीच्या कपड्यांची पिशवी, तोंडात पिना. पिना काढून ती म्हणाली, "आपा, किती वाळून राहिलीस तू. मास्टरला सांगितलंस ना, बाह्या घट्ट घाल म्हणून? न्हाईतर फोटोत हँगरला अडकवल्यासारखी दिसशील."

"तू तुझं बघ. यासेर म्हणे तुझ्याशी फोनवर बोलून बोलून बहिरा झाला."

"तो आधीपासूनच बहिरा हाय. दुकानावर बाप हाका मारतो तवा ऐकू येत न्हाई त्याला," असं म्हणून मुबश्शिरा हसत वर माडीवर गेली. तिच्या पाठीवर वेणी उजवीकडून डावीकडे हलत होती. तेवढीच गोष्ट सबिहानं नीट पाहिली.

खाला माजघरात तांदूळ निवडत होती. खाट काढून टाकली होती, पण तिच्या पायांच्या चार खुणा फरशीवर होत्या. सबिहा त्या सोडून बसली आणि तिनं सांगितलं. जुळवलेलं एकही वाक्य आलं नाही. ती म्हणाली, अम्मीला जे होतं ते माझ्यात आहे. आजार नाही अजून, पण मूळ आहे. तुझ्यातही असेल, मुबश्शिरात असेल, तपासून घ्यावं लागेल. खालाची बोटं तांदळात थांबली. तिनं पहिल्यांदा मुबश्शिराचं नावच घेतलं नाही. सबिहाचं मनगट धरलं, नाडी बघावी तसं. "तुझ्यात हाय?" ती म्हणाली. "कधी कळलं?" "झाला महिना." "आणि एकटीच घेऊन बसलीस?" माडीवर मुबश्शिराच्या पावलांचा आवाज येत होता. मग खालानं सूप बाजूला सारलं. "उद्या चल. माझं रक्त बघा आधी. माझ्यातच नसंल तर पोरीत कुठून येईल?"

सबिहाला अपेक्षा होती रडण्याची, निदान भांडण्याची. एवढी सरळ वाट खाला काढेल असं वाटलं नव्हतं. रात्री अंधारात पडल्या पडल्या तिला हायसंही वाटलं आणि कुठंतरी बोचलंही. एवढं सोपं होतं तर आपण महिनाभर काय वाहत होतो?

तनुजाला खालाची युक्ती पसंत पडली. "बरोबर बोलताय मावशी. तुमचं निगेटिव्ह आलं तर मुलीला टोचायचीसुद्धा गरज नाही." तिनं फाइलमधून अम्मीचं ते चित्र बाहेर काढलं. शहजादीचं वर्तुळ आता काळं भरलेलं होतं आणि त्यावरून एक तिरपी रेघ मारलेली होती. गेलेल्या माणसावर अशी रेघ मारतात हे सबिहाला माहीत होतं, तरी तिनं नजर खिडकीकडे वळवली. "सख्ख्या ना तुम्ही? आई-वडील एकच?" तनुजानं विचारलं. "सख्ख्या," खाला म्हणाली आणि बाही वर केली. रक्त काढून झालं. तनुजा नळीवर नाव चिकटवता चिकटवता समाधानानं म्हणाली, "आणखी कुणी नाहीच ना तुमच्या बाजूला. हे निगेटिव्ह आलं की ही फांदी बंद. मग कुणाला सांगायचं राहत नाही."

खाला कापूस दाबून बसली होती. ती तशीच बसून राहिली. तनुजानं "झालं मावशी" म्हटलं तरी उठली नाही.

बाहेर, फाटकाजवळच्या चहाच्या टपरीवर, बाकावर दोघी बसल्या. खालानं बशीत चहा ओतला आणि प्यायला नाही. "देवणीला एक घर हाय," ती म्हणाली.

"कुणाचं?"

"तुझ्या मामाचं. मामा गेला मागंच. त्याची पोरगी राहते. तिला बी पोरी हायत म्हणे दोन."

सबिहाला मामा नव्हता. तिनं तसं म्हटलंही, हळूच, पोरानं चुकीचं उत्तर दिल्यावर मास्तर म्हणतात तसं. खाला बशीकडेच बघत बोलत राहिली. नानीच्या भिंतीला भिंत लावून एक घर होतं. तिथली बाई बाळंत झाली, आणि बाळ अंगावर असतानाच तिचं पोट फुगायला लागलं. लोक म्हणाले पोटात पाणी झालं, लोक म्हणाले नजर लागली. ती गेली. नानीच्या मांडीवर तेव्हा तिची स्वतःची पोर होती, थोड्याच दिवसांची. नानीनं भिंतीपलीकडून दुसरी आणली आणि दोघींना पाजलं. "मी डावीकडं आणि ती उजवीकडं, असं अम्मा सांगायची. शहजादीला जास्त भूक म्हणे." बाईचा नवरा दुसरं लग्न करून थोरल्या पोराला घेऊन देवणीला गेला. एकदा पोरीला न्यायला आला होता. नानी दारात उभी राहिली आणि म्हणाली, पाजलीय मी, आता ती माझी. तो गेला. त्यानंतर त्या घरात कुणी 'दूधबहीण' हा शब्द काढला नाही. गल्लीतल्या एका बाईनं कधी काढला होता, तिचा सलाम नानीनं मरेपर्यंत घेतला नाही.

टपरीवाला दुसऱ्या गिऱ्हाइकाला सुट्टे नाहीत म्हणून सांगत होता. सबिहाला त्याचा प्रत्येक शब्द नीट ऐकू येत होता. तिच्या डोक्यात नानीचं झोपेतलं मरण, त्या मरणाचा सबिहाला आतून असलेला आधार, आपणही कधीतरी तसेच जाऊ हा, सगळं एका बाजूला सरकलं. आणि दुसऱ्या बाजूनं एक अनोळखी बाई आली, पोट धरून, भिंतीपलीकडची. तिचं नावसुद्धा माहीत नव्हतं. तिच्यापासून अम्मी, अम्मीपासून आपण. मुबश्शिरा त्यात कुठेच नव्हती. मुबश्शिरा सुटली. या एका गोष्टीसाठी ती महिनाभर दुआ मागत होती, आणि आता ती मिळाली तेव्हा तिला वाटलं, आपल्याला कुणीतरी भर रस्त्यात बसमधून उतरवलं आहे.

"अम्मीला माहीत होतं?"

"व्हतं की. दोघींना बी."

"मग तिनं तनुजाला का नाही सांगितलं?"

"काय सांगायचं? तिनं विचारलं बहीण हाय का. हाय म्हणली."

"आणि तू रक्त कशाला दिलंस खाला? तुला माहीत होतं काही निघणार नाही."

खालानं कापूस उचलून पाहिला. रक्त कधीच थांबलं होतं. "शहजादीनं तिच्या तोंडानं सांगितलेलं मी खोटं पाडू? आणि तू. तू म्हणलीस माझ्यात हाय. मग मी काय म्हणू, माझ्यात न्हाई, मी तुमच्यातली न्हाई? मला वाटलं, देऊन टाकावं रक्त. कागद येईल, न्हाई म्हणून येईल. नशीब म्हणायचं आणि गप बसायचं." तिनं कापूस टाकून दिला. "पण ती पोरगी म्हणली, फांदी बंद. मग त्या देवणीच्या पोरींना कोण सांगणार, सबिहा? आपण तिकडं कुणीच न्हाई म्हणून सांगून आलो."

दोघी उठल्या आणि परत आत गेल्या. तनुजानं सगळं ऐकलं. तिच्या पेनचं टोपण उघडं तसंच राहिलं. मग तिनं जुना कागद बाजूला ठेवून नवा घेतला, शहजादीचं वर्तुळ काढलं, त्याच्याशेजारी एक चौकोन, चौकोनाखाली एक वर्तुळ, त्याखाली दोन बारकी वर्तुळं. चौकोनातूनही ते तसंच खाली उतरतं, ती म्हणाली. पुरुषात बहुधा दिसत नाही, पण उतरतं. या कागदावर खालाला जागा नव्हती. खालानं तो नीट न्याहाळला, आणि विचारलं, "पहिला कागद टाकून देणार का?" तनुजा म्हणाली, तो चुकीचा आहे ना मावशी, म्हणून फाइलमधून काढावा लागेल. "मग मला दे," खाला म्हणाली. तनुजानं सबिहाकडे पाहिलं, आणि दिला. खालानं तो घडी करून बुरख्याच्या आत ठेवला.

देवणीच्या बसमध्ये सबिहा खिडकीशी बसली. मुबश्शिराला निघताना काही सांगितलं नव्हतं, नातेवाइकांना दावत द्यायला जातो म्हटलं होतं, आणि ते तसं खोटंही नव्हतं. शिरूर अनंतपाळला एक जाडजूड म्हातारा चढला आणि पुढच्या बाकावर बसून शेजाऱ्याला आपल्या खोंडाचं सांगायला लागला. "अस्सल देवणी जातीतला वानेरा हाय. आईबाप बघितल्याबिगर म्या दावणीला बांधतच न्हाई." शेजारी म्हणाला, "आज्जी बी बघितलासा का चंद्रप्पा?" "बघितलो म्हंजे? तिचं दूध प्यालोय म्या." दोघं हसले. खालाही नकाबाआड हसली. तिचा खांदा सबिहाच्या खांद्याला लागून हलला. जनावराची आज्जी माहीत असते, सबिहाच्या मनात आलं, आणि मग तो विचारही तिनं सोडून दिला. ती फार दमली होती. तिकडे जाऊन काय सांगायचं? आम्ही तुमच्या कुणीतरी लागतो, आणि आम्ही तुमच्यासाठी एवढंच आणलंय. कुणी असं दारात आलं असतं तर आपण काय केलं असतं? दार लावून घेतलं असतं. आणि अम्मीच्या दारात असं कुणी आलं असतं, वेळेवर, तर? हे वाक्य मात्र तिला पूर्ण करावं लागलं नाही. ते तनुजाच्या वाक्याचाच उरलेला तुकडा होतं. तो घेऊनच ती बसमध्ये बसली होती.

घर विचारत विचारत गेल्या. निळा दरवाजा, बाहेर वाळत घातलेल्या शेवया, आत कुठेतरी दोन मुलींचा वाद चालला होता, चार्जर कुणाचा यावरून. खालानं कडी वाजवली आणि नकाब वर टाकला.

दार उघडणाऱ्या बाईचे हात पिठानं भरलेले होते. ती उंच होती, सावळी. मनगट कमरेला टेकवून, एक भुवई किंचित वर करून ती उभी राहिली. निजामोद्दीन मास्टरांनी हिच्यासाठीही टेप काढली नसती. अम्मी अशीच उभी राहायची, दूधवाला उशिरा आला की. ते हाड, तो खांदा, मानेचा तो कल, सगळं पुन्हा समोर होतं, जिवंत, पीठ लागलेलं, आणि त्यात ओळख म्हणून नव्हती. सबिहाला वाटलं, आपण आता रडू. पण रडू आलं नाही, आणि सांगायचं होतं ते सगळं मागं राहिलं.

"कोण पाहिजे?" बाईनं विचारलं.

"आम्ही लातूरहून आलो," खाला म्हणाली. "शहजादीच्या घरून."

बाईनं दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. तिला काही संदर्भ लागेना. "कोण शहजादी?"

सबिहानं खालाकडे पाहिलं. खालाचा हात बुरख्याच्या आत, घडीच्या कागदाशी होता. तो तिनं बाहेर काढला, रिकामाच, आणि चौकटीला टेकवला.

"माझी बहीण," ती म्हणाली. "आत येऊ दे बेटा. थोडं पाणी दे. मग ही सांगते तुला, कशाला आलो ते."

बाई बाजूला झाली.